भिंतींना कान देणारा म्हातारा

आखातात, अल हैलच्या त्या घरी मी एसी दुरुस्तीला पहिल्यांदा गेलो, तेव्हा म्हाताऱ्याने मला दारातच अडवलं. हत्यारांची पिशवी फरशीवर पालथी केली आणि पाना, पक्कड, टेस्टर एकेक उचलून उजेडात धरून पाहिलं. त्याची मुलगी इथल्या शाळेत शिकवते, तो तिच्याकडे राहतो. ती ओशाळून म्हणाली, "सॉरी हं. पप्पा सोव्हिएत काळातले शास्त्रज्ञ. त्यांचा कुणावरच विश्वास नाही."

मी युनिट उघडलं, तर हा पाठीमागे उभा.

"हे काय?"

"सेन्सर."

"कोण ऐकतं यातून?"

"कोणी नाही. गारवा किती झाला ते कळतं."

त्याला काही ते पटलं नाही. मलाही तो धड वाटेना. टेबलावर तांब्याच्या तारा, पत्र्याच्या डब्या, खिडकीशी अँटेना. परका मुलूख, उद्या काही भानगड निघाली तर माझाच व्हिसा जायचा. सुपरवायझरला म्हटलं, "तिथे दुसऱ्याला पाठवा." तो म्हणाला, "यल्ला, चल निघ, तूच जा. म्हाताऱ्याने तुलाच मागितलंय."

मलाच का?

पुढच्या खेपेला त्याने मला खुर्चीवर बसवलं. समोर एक चपटी डबी ठेवली. तिला ना वायर, ना बॅटरी. "बोल काहीतरी." मी मराठीत म्हणालो, "मला घरी जाऊ द्या." पलीकडच्या खोलीतून माझाच आवाज आला: मला घरी जाऊ द्या.

"तिकडून रेडिओची लहर येते, या पत्र्यावर आपटते आणि तुझा आवाज घेऊन परत जाते," तो म्हणाला. "तरुणपणी मी हेच बनवायचो. कुणाच्या घरात बसवतात, ते कधी विचारलं नाही. मग एक दिवस माझ्याच स्वयंपाकघरात सापडलं. सोल्डरिंग माझ्या हातचं होतं."

"मग?"

"बायकोशी पुन्हा घरात मोकळं बोललो नाही. ती वारली तोपर्यंत."

मी विचारलं, मलाच का बोलावलंत? म्हणाला, "तू उघडलेलं तेवढंच परत लावतोस, आत काही ठेवून जात नाहीस. मी तपासलं."

तरी तो माझी पिशवी अजून पालथी करतोच.

त्यानंतर माझ्या खोलीत छताला लावलेला धुराचा सेन्सर मला बघवेना. गुहागरला बायकोला फोन करायचा, तर मी इथल्या समुद्रावर जाऊ लागलो.

"एवढा वारा कसला?" तिने विचारलं.

"बाहेर येऊन बोलतोय."

"का? खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही गं."

तिने तेच पुन्हा विचारलं, मी तेच सांगितलं. मग म्हणाली, "बरं."