विश्वकर्मापूजेला चालू राहिलेला पट्टा

दिगंबर माईणकरचं काम ऐकून माणसं हसत. मोटारीच्या इंजिनातला पंखा फिरवणारा रबरी पट्टा किती टिकतो, हे बघत बसायचं! कलकत्त्यात तिलजल्याच्या एका रबर कारखान्यात, अगदी मागे, पत्र्याची एक खोली होती. तिथे दोन पुल्यांवर एकच पट्टा अहोरात्र फिरत असे. एका पुलीला मोटर, दुसरीला ओझं. पट्टा चिरेपर्यंत, नाहीतर ठरलेले तास भरेपर्यंत तो फिरायचा आणि दिगंबर त्याच्याकडे बघायचा. बायको कालिंदी म्हणे, "बसल्या जागी पगार घेणारा माणूस मला घरातच बघायला मिळाला." हसणाऱ्यांनी एक दुपार तिथे काढून दाखवावी. उकाड्यानं सदरा पिळून घालावा लागे आणि मोटरीची घरघर घरी आल्यावरही कानांतून जात नसे. त्यातून एक नियम फार कडक होता. सुरू केलेली चाचणी मध्येच थांबवायची नाही. थांबली की रबर निवतं, त्याला विसावा मिळतो आणि झालेले सगळे तास पाण्यात.

जोडीला हरिपद दास होता, वयानं बराच मोठा. रबरात काजळी मिसळण्याच्या खात्यात उमेदीची वर्षं घालवून त्यानं छातीची पार वाट लावून घेतली होती. दिगंबरनंच साहेबाच्या मागे भुणभुण लावून त्याला तिथून या खोलीत आणलं. दोघं आपसांत जी हिंदी बोलत, ती ऐकून बिहारी दरवान तोंड फिरवून हसे. पण हरिपदचा खोकला या खोलीत आल्यापासून कमी झाला होता, आणि आपल्या हातून एक बरं काम झालं म्हणून दिगंबर मनातून खूश होता.

भाद्रपदाच्या शेवटी बंगालात विश्वकर्मापूजा येते. त्या दिवशी कारखान्यात एक चाक फिरत नाही. यंत्रांना माळा घालायच्या, कुंकू लावायचं आणि मग गच्चीवर जाऊन पतंग उडवायचे. आदल्या वर्षी सगळ्यांबरोबर ही मोटरही बंद झाली आणि चाचणी फुकट गेली. हे पट्टे घेणार असलेली लॉऱ्या बनवणारी कंपनी थांबली नाही. तिनं विलायती पट्टेच घेतले. साहेबानं दोघांना बोलावून सुनावलं, "यंदा पट्टा तास भरेल, नाहीतर खोलीला कुलूप. तुम्ही दोघं आपापल्या जुन्या खात्यात." दिगंबरचं जुनं खातं म्हणजे पट्टे कागदात गुंडाळायचे. हरिपदचं म्हणजे काजळी. तो पुन्हा तिथे गेला तर फार दिवस काढणार नाही, हे दिगंबरला स्वच्छ दिसत होतं.

यंदाचा पट्टा चांगला निघाला. चाचणी अर्ध्यावर आली आणि पूजेचा दिवस उजाडला. सकाळी डबा देताना कालिंदी म्हणाली, "आज इथे कुणी यंत्राला हात लावत नाहीत म्हणे."

"मी तरी कुठे लावतोय? नुसतं बघायचं तर असतं."

खोलीत हरिपद अवघडून उभा होता. "दिगंबरबाबू, आज के दिन इसको आराम देना होता है. विश्वकर्मा बाबा नाराज होगा."

"हमारा पूजा खंडेनवमी को होता है, हरिपददा. तब तक टेस्ट पूरा हो जाएगा. दोनों मिल के पूजा करेंगे."

खंडेनवमीला दिगंबरचे वडीलसुद्धा गावी कोयती, कात्री, कशाला म्हणून हात लावू देत नसत. ते तो विसरला नव्हता. पण परमुलखात राहणाऱ्या माणसाला ही एक सोय असते. इथला सण आपला नाही, आणि आपला तर अजून आलेला नाही. तेवढ्यात त्याचं काम होऊन जातं.

थोड्या वेळानं हरिपद झेंडूची माळ घेऊन आला. सगळ्या कारखान्यात हे एकच यंत्र उघडं राहिलेलं त्याला बघवेना. "सिर्फ माला. जाली के ऊपर रख देगा."

इथे दिगंबरनं नाही म्हणायला हवं होतं. फिरत्या पट्ट्याजवळ सैल दोरा नको, म्हणून दोघं धोतराचा सोगासुद्धा खोचून बसत. पण म्हाताऱ्याला एका सकाळी दोनदा नाही कसं म्हणायचं? त्यानं मान हलवली. पट्ट्याभोवती लोखंडी जाळी होती, पण पट्ट्याची कड दिसावी म्हणून तिचा वरचा भाग त्यांनीच कापलेला होता. हरिपदनं माळ ठेवली, हात जोडले. फिरत्या पट्ट्याच्या वाऱ्यानं माळ हलली, घसरली आणि तिचं टोक आत गेलं.

देवाची माळ चिरडली जातेय, एवढंच हरिपदला दिसलं. त्यानं आत हात घातला.

दिगंबरचा हात मोटरीच्या खटक्यावर पोचला आणि तिथेच थबकला. एक क्षणच. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. पण त्या क्षणात त्याला पट्ट्याचे तास आठवले होते, हे त्याला कायमचं कळलं. मग त्यानं खटका दाबला. गच्चीवरून कुणाचा तरी पतंग कापल्याची आरोळी आली.

हरिपदच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. साहेबानं पट्टा काढून उजेडात धरला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. पण तो थांबला होता, म्हणून टाकून दिला. पट्ट्यात खोट नव्हती, म्हणून खोलीला कुलूप न लावता साहेबानं पुन्हा चाचणी घ्यायला सांगितलं. नवा पट्टा चढवला, जाळी नवी आली, हरिपदच्या जागी नवा माणूस आला. कबूल केलेली खंडेनवमी उजाडली तेव्हा ती दुसरी चाचणी चालूच होती. यंत्राला फूल वाहायला दिगंबरचा हात झाला नाही.

दसऱ्याला तो हरिपदकडे गेला. कलकत्त्यात आपटा मिळत नाही, म्हणून मराठी घरांतून कांचनाची पानं सोनं म्हणून वाटतात. हरिपद खोकत बाहेर आला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"बेल्ट पास हो गया न, दिगंबरबाबू?"

"हाँ," दिगंबर म्हणाला. "पास हो गया."

हरिपदचा चेहरा उजळला. "तब ठीक है. तब कमरा बंद नहीं होगा. हाथ सूख जाए, हम आ जाएगा."

दिगंबरनं पान पुढे केलं. सोनं उजव्या हातात घ्यायचं, म्हणून हरिपदनं सवयीनं उजवा हात पुढे केला. पान फडक्यावर ठेवलं, ते घसरून खाली पडलं.

ते उचलायला दिगंबर वाकला. त्यानं हरिपदचे पाय धरले. बंगालात त्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचं असतं. हरिपदला वाटलं, हा आपली रीत पाळतोय. त्याला भरून आलं. तोच हात त्यानं दिगंबरच्या डोक्यावर ठेवला आणि आशीर्वाद दिला.