दुसऱ्या खुर्चीचं गिऱ्हाईक

केडगावात पुणे रोडला माझं सलून आहे. येणाऱ्यांत दोन प्रकार. एक गप्प बसणारे आणि दुसरे देश चालवणारे. दुसऱ्यांचे मुख्य न्यायाधीश म्हणजे रिटायर झालेले एक हेडमास्तर. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. रोज सकाळी येऊन पेपर मोठ्यानं वाचायचे आणि गालाला साबण लागला की निकाल द्यायचे.

एकदा बातमी आली, गुन्हे घटले. मला वाटलं, चला, आज तरी गुरुजी कुणाला फाशी देणार नाहीत. कसलं काय! त्यांचं म्हणणं, घटले ते धाकामुळं, म्हणजे शिक्षा आणखी वाढवा. मागं वाढले होते तेव्हाही औषध हेच होतं. शिवाय तुरुंग म्हणजे सरकारी लॉजिंग-बोर्डिंग झालंय, फुकट खातात आणि टीव्ही बघतात. त्या लॉजिंगला मी बऱ्याचदा जाऊन आलो होतो, जाळीपलीकडच्या धाकट्या भावाला भेटायला. मला टीव्ही काही दिसला नाही. भाऊ मात्र दर खेपेला आणखी वाळलेला दिसायचा. पण हातात वस्तरा असला की मी वाद घालत नाही.

भावानं घोडेगावाकडं विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरल्या होत्या, आतल्या तांब्यासाठी. उभ्या पिकाचं पाणी तोडलं त्यानं. मला त्याची चीड आली होती, अजून येते. कोर्टानं शिक्षा दिली, ती त्यानं पुरी भोगली.

आता गंमत ऐका. वडील जन्मभर मागं लागले तरी या पठ्ठ्यानं कधी कात्री धरली नाही. ते काम तुरुंगानं केलं. आत तो कैद्यांचे केस कापायला, दाढ्या करायला शिकला आणि हात असा बसला की मला हेवा वाटावा. सुटून आला तेव्हा म्हणाला, दादा, आता हेच करीन. मी दुसरी खुर्ची आणली, आरसा लावला, नवा टॉवेल टाकला.

झालं! ज्यांना एरवी दोन मिनिटं दम निघायचा नाही, त्यांना अचानक वेळच वेळ सापडला. तुमचंच होऊ द्या, आम्हाला काही घाई नाही, असं म्हणत सगळे माझ्या खुर्चीसाठी थांबायचे. गुरुजींनी आवाज खाली आणून मला समजावलं, माणूस सुधारतो हे खरं, पण शेवटी मान आपली असते. आत खुनातल्या माणसांनी भावापुढं माना दिल्या होत्या आणि त्या सगळ्या जागच्या जागी राहिल्या. इथं हेडमास्तर घाबरले.

एका दुपारी भाऊ आपली खुर्ची पुसत होता. सकाळपासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, तरी पुसत होता.

"दादा, आत माझ्याकडं रांग लागायची," तो म्हणाला. मग फडकं झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या भंगारवाल्याचा फोन आल्ता. तो तरी ये म्हणतो."

केबली विकत घेणारा भंगारवाला हाच. माझं डोकंच फिरलं. भावावर, भंगारवाल्यावर आणि त्याहून जास्त गुरुजींवर. रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं होतं. मी गुरुजींच्या गालाला साबण लावला, ब्रश ठेवून दिला आणि जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसलो. भावाला म्हटलं, कर. तो बघतच राहिला. मी मान मागं टाकली तेव्हा त्यानं वस्तरा घेतला. आत कधी चुकला नसेल तो हात माझ्या गळ्यापाशी चुकला आणि हनुवटीखाली कापलं. मी आरशातून विचारलं, "गुरुजी, याला किती वर्षं द्यायची?"

गुरुजींच्या गालावर साबण वाळत होता.

गुरुजी अजून येतात आणि माझ्याच खुर्चीत बसतात. निकाल तेवढे हळू आवाजात देतात. दुसऱ्या खुर्चीला अजून एकच कायमचं गिऱ्हाईक आहे. रोज दुकान भरलं की मी तिथं जाऊन बसतो, दाढी वाढलेली असो नसो. गाल सोलून निघालेत, तुरटी लावली की झोंबते. भाऊ म्हणतो, दादा, आज राहू दे. मी म्हणतो, कर.