मामांच्या गळ्यातली खळ

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, उभ्या आयुष्यात एक वाक्यही हळू बोलले नसतील. लालबागच्या त्यांच्या खोलीत ते "मीठ संपला" म्हणाले, की समोरच्या इमारतीतली बाई बरणी घेऊन खिडकीशी येई. एका मयताला त्यांनी शेजाऱ्याच्या कानात "म्हातारो सुटलो" एवढंच सांगितलं, तर म्हाताऱ्याचे तिन्ही मुलगे वळून बघायला लागले. हा आवाज गिरणीत कमावलेला. सुताला पिठाची खळ चढवायच्या खात्यात ते होते आणि यंत्रांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय कुणाला काही कळत नसे. मामी त्याच गिरणीत कामाला होत्या, त्यांचे कान तिथेच गेले. कानाच्या मशीनचं नाव काढलं की त्या म्हणत, "ह्यांचो आवाज असताना माका मशीन कशाक?"

गेल्या वर्षी हा आवाज बसला. मामांनी आधी आलं खाल्लं, मग ज्येष्ठमध चघळला, मग ऐकणाऱ्यांच्याच कानांना दोष दिला. मामींना मात्र वाटलं, नवऱ्यानं अबोला धरलाय. तीन महिने त्या माझ्या बायकोला विचारत होत्या, "माझा काय चुकला गो?" ते ऐकवेना, तेव्हा मी मामांना परळच्या एका घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. स्वरयंत्रात अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलं होतं. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'पिष्टासारखं' हे सांगायची बाईंना काही गरज नव्हती. मामांचे डोळे चमकले. "म्हणजे खळ. आमच्या गिरणीची खळ ती." याचा पिठाशी संबंध नाही, हे बाईंनी चित्र काढून समजावलं. मामांनी त्या चित्रात दोन रूळ आणि खळीची एक कढई काढून ते दुरुस्त करून दिलं.

तोंडातून दुर्बीण घालून लेसरनं शस्त्रक्रिया झाली. सगळं खरवडलं असतं तर आवाजच गेला असता, म्हणून थोडं तसंच ठेवलं. पुन्हा साठलं तर पुन्हा काढायचं. दहा दिवस मौन आणि ओरडणं कायमचं बंद. चाळीनं हळहळ व्यक्त केली आणि दुपारची झोप काढली. मला मात्र मामींचीच काळजी लागली होती.

मौन सुटलं त्या सकाळी मी गेलो. मामांनी स्टूल ओढून मामींच्या खुर्चीला टेकवलं, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि मऊ, परक्या वाटणाऱ्या आवाजात विचारलं, "चाय घेतलंस?"

मामी दचकल्या. पदर सावरत म्हणाल्या, "वरडतास कशाक? ऐकाक येता माका."

लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.