गोऱ्याला कोणी उडवला?

ते प्रकरण आजही आठवतं आणि हसू येतं. त्या दिवशी पोलीस ठाण्यात मात्र कोणी हसत नव्हतं.

बहरीनच्या महिला पोलिसांत मी शिपाई होते. शिक्षण चौथी. पण अरबी, हिंदी आणि घरची रत्नागिरीची बोली येत होती, म्हणून आपल्या माणसांचे जबाब साहेब माझ्याकडून समजून घेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सकाळीच फोन आला. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये कपडे धुणारी बाई बोलत होती, रत्नागिरीकडचीच.

"व्हॅनवाल्यान गोऱ्याला उडवलान. गोरा समुद्रात पडला, तो दिसत नाय."

मी साहेबांना अरबीत सांगितलं, गाडीने माणूस उडवला, प्रेत पाण्यात आहे.

तासाभरात रिसॉर्टचा व्हॅन ड्रायव्हर ताब्यात आला. तोही कोकणातला. गाडीच्या बंपरला पोचा होता. खिशात त्याच संध्याकाळचं विमानाचं तिकीट, कारण चार दिवसांनी त्याचं लग्न होतं. साहेबांनी पासपोर्ट काढून घेतला. गुन्हा नोंदला की लग्न खलास.

"पळत होतास?" मी विचारलं.

"नाय आपा, निकाहला निघालोय. मी फक्त धरला आणि सोडला."

"कोणाला?"

"पतंगाला. गोऱ्याला पतंगानं नेला."

"मग तूही पतंगानंच जायचं होतंस. तिकीट कशाला काढलंस?"

तो रडायला लागला. खोटं बोलणारा पकडला गेला की कारण बदलतो. याला मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा पतंगच. मग मी त्या बाईला फोन लावला.

"गाडी त्याला कुठं लागली?"

"गाडी उभी होती, बाय. गाडीत होता कोण?"

"मग उडवला कसा?"

"वर उडवलान. माडाएवढा. यानं पतंग सोडलान आणि गोरा गेला."

चूक माझी होती; बंपरचा पोचा जुना असणार. साहेबांना तसं सांगितलं.

"गाडी नाहीच?" त्यांनी विचारलं.

"गाडी मफी, साहेब. नाहीच."

पण गोरा अजून सापडायचा होता. माझ्या बापाची मासेमारीची होडी होती, त्यामुळे वाऱ्याचं थोडं कळायचं. वारा उत्तरेचा, म्हणून दक्षिणेला अस्करच्या किनाऱ्यावर बघू, असं मी म्हटलं. "यल्ला," म्हणत साहेब जीपकडे गेले.

गोरा तिथेच होता, मच्छीमारांबरोबर चहा पीत. वाळूवर चादरीपेक्षा मोठा पिवळा पतंग पसरला होता, पायांत बांधायची फळी बाजूला. पतंगाच्या ओढीने फळीवरून लाटांवर धावायचा गोऱ्यांचा नवा खेळ होता तो. म्हातारे मच्छीमार दोऱ्यांचा गुंता सोडवत भांडत होते, आधी कोणी उडायचं यावर. साहेब वाळूत बसून पोट धरून हसले. मीही हसले.

ठाण्यात परतून ड्रायव्हरची मी समोरासमोर माफी मागितली. पासपोर्ट देऊन साहेबांनी त्याला जीपमध्ये बसायला सांगितलं.

"पोलिसांची जीप नको साहेब, गाववाले बघतील."

"विमान चुकलं तर सासरा बघेल," साहेब म्हणाले.

विमान मिळालं, लग्नही झालं.

परक्या भाषेतला शब्द मी नेहमी दोनदा विचारून घ्यायचे. घरचा शब्द विचारला नाही, म्हणून एक निर्दोष माणूस अर्धा दिवस बाकावर रडत बसला. पुढे निवृत्त होईपर्यंत आपल्या गावाकडच्या साक्षीदारांना मी जास्त प्रश्न विचारले. त्यांना राग यायचा. येऊ दे.