आईचे दोन सुळे

माझी उजवीकडची दाढ किडली तेव्हा मी चार वेळा दातांच्या दवाखान्यात गेले, आणि चारही वेळा कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायचा धीर होणार नाही.

जबलपूरच्या गढा भागातल्या एका गल्लीत आम्ही दोघीच राहतो, मी आणि आई. वडील इथल्या कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. आई वर्ध्याकडची. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. आता भाजीवाल्याशी भांडते ती अस्सल इथल्या हिंदीत. मी कॉलेजात शिकवते. लग्न केलं नाही. आईची काळजी घेणारी मुलगी म्हणून नात्यागोत्यात माझं नाव घेतात, आणि मला ते आवडत असे.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, शांत स्वभावाची. माझी दाढ काढायची वेळ आली नव्हती. रूट कॅनल करून वाचेल, असं तिने सांगितलं. पहिल्या दिवशी इंजेक्शन देऊन दाढ बधिर केली, आतली सडलेली नस बारीक सुयांनी काढली आणि वर कच्चं सिमेंट भरलं. पुढच्या दोन वेळांना आतून साफसफाई आणि भरणं. शेवटच्या वेळी कॅप. कॅपचा रंग निवडायला तिने दातांच्या नमुन्यांची पट्टी माझ्या हातात दिली. ती दाढ इतकी मागे, की हसले तरी कोणाला दिसणार नाही. तरी मी खिडकीपाशी आरसा धरून एकेक नमुना लावून पाहत वीस मिनिटं घालवली.

तिसऱ्या खेपेला मी आईला सोबत नेलं होतं. काही दिवस ती एकाच बाजूने चावत होती आणि जेवायला फार वेळ लावत होती. माझं काम झाल्यावर डॉक्टरीणबाईने तिला खुर्चीत बसवलं, तोंडातला फोटो काढला, छोट्या आरशाने सगळं तपासलं. आईच्या तोंडात सहाच दात उरले होते. वरचे चार, आणि खालचे दोन सुळे.

"मैडम, ऊपर के चारों हिल रहे हैं, निकालने ही पड़ेंगे," ती मला म्हणाली. "पर नीचे के ये दो बच सकते हैं. वही रूट कैनाल, जो आपका चल रहा है."

मग तिने समजावून सांगितलं. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालचीला धरायला काही नसतं, जीभ तिला सारखी उचलत राहते. हे दोन सुळे राहिले तर खालची कवळी त्यांच्या आधाराने घट्ट बसेल. त्यासाठी तीनचार वेळा यावं लागेल.

हे सगळं आई खुर्चीत आडवी पडून ऐकत होती. गालात कापूस होता. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वाकली. "आंटी, आप बताइए, क्या करना है?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"इस उम्र में कहाँ ये सब," मी म्हणाले. "सब निकाल दीजिए. एक बार में झंझट ख़त्म."

"जल्दी नहीं है, मैडम. घर जाकर सोच लीजिए."

"सोच लिया."

खरं तर मी एक क्षणही विचार केला नव्हता. पैशाचा प्रश्न नव्हता, तसं असतं तर सांगायला बरं पडलं असतं. माझ्या डोक्यात होत्या त्या चार खेपा. परीक्षा जवळ आल्या होत्या, तासांची अदलाबदल करता करता मी आधीच कंटाळले होते. आणि बहात्तर वर्षांच्या बाईला दोन दातांचं काय एवढं, असंही वाटलं. स्वतःच्या तोंडात जीभ त्या अर्ध्या भरलेल्या दाढेवर फिरत असताना मला हे वाटलं.

दोन वेळा नेऊन दात काढले. दुसऱ्या वेळी सुळे. काढून झाल्यावर आईने हाताने खूण केली, दाखवा. डॉक्टरीणबाईने स्टीलचा ट्रे तिच्यापुढे धरला. आईने बराच वेळ पाहिलं. तोंडात कापूस होता म्हणून बोलता आलं नाही. संध्याकाळी, रक्त थांबल्यावर, ती म्हणाली, "किती लांब मुळं होती वं त्यांची. मले वाटलं नव्हतं." मी तिला वाटीत आइसक्रीम दिलं आणि पेपर तपासायला बसले.

गंमत अशी की खेपा वाचल्या नाहीतच. हिरड्या भरून यायला दोन महिने थांबावं लागलं. मग माप घ्यायचं, पुन्हा नीट माप घ्यायचं, मेणावर चावून दाखवायचं, कच्चे दात लावून बघायचं, शेवटी कवळी. त्यातल्या एका वेळी मी गेले. बाकी सगळ्या वेळा आई एकटी ई-रिक्शात बसून गेली. आठवड्याने परत आणा, कुठे टोचत असेल तर घासून देते, असं डॉक्टरीणबाईने फोन करून सांगितलं होतं. माझी परीक्षेची ड्यूटी होती.

"टोचून राहिली का?" मी आईला विचारलं.

"थोडी."

"सवय होईल. सगळ्यांनाच होते."

"हो," ती म्हणाली.

जानेवारीत इथल्या मराठी मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, हॉलच्या मागच्या अंगणात ऊन छान पडलेलं, तीसचाळीस बायका. आईला या कार्यक्रमाची फार हौस. नवी कवळी, चांगलं पातळ. जुन्या ओळखीच्या बाया तिच्याभोवती जमल्या, कोणीतरी वर्ध्याकडची काहीतरी जुनी गोष्ट काढली, आणि कोणीतरी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तिळगुळाला नाही म्हणता येत नाही. तिने तो तोंडात टाकला. लाडू कडक होता. आणि त्याच वेळी कोणीतरी असं काही बोललं की आई खळखळून हसली.

खालची कवळी बाहेर आली. आधी तिच्या पदरावर, मग फरशीवर. लाडवाचे तीळ लागलेली ती कवळी माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर पडली होती.

मी काय केलं, तर पर्स उघडली. मान खाली घालून मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. रुमाल, चष्म्याचं घर, किल्ल्या, सगळं वरखाली केलं. काहीच शोधायचं नव्हतं. मनात एकच होतं, ही माझी आई आहे हे या क्षणी कोणाच्या लक्षात यायला नको. पलीकडे माझ्या कॉलेजातल्या एक बाई बसल्या होत्या.

आई एका हाताने तोंड झाकून दुसऱ्या हाताने खाली चाचपडत होती. तिला वाकता येत नाही, गुडघे धरतात. समोरच्या रांगेतून एक बाई उठली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. जवळच्या सिहोऱ्याहून कोणाकडे तरी पाहुणी आली होती, असं मागून कळलं. तिने ती कवळी उचलली, सरळ नळाशी गेली, धुतली, पदराने पुसली आणि आईच्या हातात दिली. "घ्या काकू. माझ्या सासूबाईंची तं रोज पडते." एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. चार बायका हसल्या, त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. फक्त मी अजून पर्समध्ये हात घालून बसले होते.

परतताना ई-रिक्शात मी आईला म्हणाले, "नीट बसवता नाही येत का तुले? चारचौघांत किती कसंतरी वाटलं."

ती रस्त्याकडे पाहत होती. "तुले शरम आली," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी पुढे वाकून रिक्शावाल्याला गल्ली सांगितली.

चारपाच दिवसांनी एक पेपर रद्द झाला आणि मी दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई मागच्या पायरीवर उन्हात बसली होती. ताटलीत पोळी वरणात कुस्करून अगदी लापशीसारखी केलेली. कवळी शेजारी वाटीत, वर झाकण. तोंड बोळकं, आणि ती बोटाने घास गालाच्या एका कोपऱ्यात सरकवत होती. मला पाहताच तिने घाईघाईने झाकण काढलं आणि कवळी तोंडात बसवली. बसवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काढ," मी म्हणाले.

"नाही दुखत."

"आई, काढ ती."

मोबाइलचा टॉर्च लावून मी तिच्या तोंडात पाहिलं. खालच्या हिरडीवर तीन ठिकाणी जखमा होत्या. पांढऱ्या, कडा लाल. ज्या दिवशी दात काढले त्या दिवसापासून मी तिच्या तोंडात एकदाही पाहिलं नव्हतं. ती कवळी फक्त मी घरात असताना घालत होती. सकाळी मी जाईपर्यंत, आणि मग संध्याकाळी माझी रिक्शा गल्लीत वाजली की.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाई मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कवळीला आतून पांढरी पेस्ट लावली, घालून काढली, पेस्ट जिथे पुसली गेली होती तिथे मशीनने घासलं. पुन्हा घातली, पुन्हा घासलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. जखमांवर लावायला औषध दिलं, आठ दिवस कवळी घालू नका म्हणाली.

"इतने दिन क्यों सहा, आंटी?"

"लगा, आदत हो जाएगी," आई म्हणाली.

मी भिंतीवरच्या ब्रश करायच्या पद्धतीच्या तक्त्याकडे पाहत राहिले.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईने कवळीला आतून नवा थर दिला, त्याने बराच फरक पडला. तरी खालची थोडी हलणारच, असं ती म्हणाली. पूर्ण घट्ट बसवायची तर जबड्याच्या हाडात दोन छोटे स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकवता येते, वयाची तशी अडचण नाही. मी लगेच म्हणाले, करू या, मी रजा काढते. आईने माझा हात दाबला. "बस. आता मले कोणी काही काढू नका, काही लावू नका." कोणत्या तोंडाने बोलणार?

त्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून मटर सोलत होती. पूर्वी सोलता सोलता निम्मे कोवळे दाणे तिच्या तोंडात जात. आता सगळे दाणे भांड्यात पडत होते. मी समोर बसले आणि एकदाचं बोलले.

"आई, तुझे ते खालचे दोन दात वाचले असते. मीच काढायला सांगितले."

"माहीत आहे मले."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? माझ्यासमोरच तं बोलली ती. मी काय बहिरी होती का?"

तिला सगळं कळलं होतं, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. पन्नास वर्षं या गावात राहिलेली बाई. पण त्या दिवशी खुर्चीत आडवी पडलेल्या आईला मी जणू तिथे धरलंच नव्हतं.

"मग तू बोलली काहून नाही? नाही म्हणायचं होतं."

तिने शेंग फोडली, दाणे काढले. "तू बोलून टाकलं होतं ना. डॉक्टरसमोर तुझा शब्द खाली कसा पाडू? कॉलेजात शिकवते तू."

मी उठून मोरीवर गेले आणि उगाच हात धूत उभी राहिले. माफ कर, असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, पण पद्धत नसणं हे कारण पुरेसं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तिने पाठीमागून विचारलं, पुलाव करू की भाजी. मी भाजी म्हणाले.

फेब्रुवारीत एकदा आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. समोरून ती सिहोऱ्याची बाई येताना दिसली, पुन्हा इथे पाहुणी आली असावी. एकटी असते तर मी नक्की गल्ली बदलली असती. आईने मात्र लांबूनच हात केला. दोघी मैत्रिणींसारख्या भेटल्या. त्या बाईने मोठ्याने, सगळ्या भाजीवाल्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय काकू, कवळी कशी आहे आता?"

"चांगली बसली आहे," आई म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिनं सारखं दवाखान्यात नेऊन नीट करून आणली. रजा काढून काढून."

ती बाई माझ्याकडे पाहून हसली. "लेक असावी तं अशी."

मला तेव्हा तरी काहीतरी म्हणता आलं असतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, चल आई, ऊन वाढून राहिलं.