मामांनी शोधलेली गळती

बॉयलर तपासनीस म्हणून मामांनी एकतीस वर्षं कारखान्यांतून काढली आणि निवृत्तीनंतर घरात तपासायला काही उरेना. कुकरची शिट्टी तीनदा उघडून झाली, नळांचे वायसर बदलून झाले, शेवटी मामींनी कोपरापासून हात जोडले. मग भाची एका खासगी रॉकेट कंपनीच्या जोडणी विभागात लागली आणि मामांना आपल्यालाच नोकरी लागल्यासारखं झालं.

सकाळी डोळे उघडले की रॉकेट. इंजिनाची चाचणी किती सेकंद चालली, पहिलं उड्डाण तीन आठवड्यांवर, दुसरं वर्षाअखेर, सगळं तोंडपाठ. रॉकेटवेड्यांच्या एका ग्रुपात चार हजार माणसं होती. तिथे मामा 'जुना बॉयलर' या टोपणनावानं लिहीत.

"अहो, त्या रॉकेटचं बाळंतपण तुम्हीच करणार आहात का?" मामी विचारत.

"हस, हस. आपल्या घरची पोर आहे तिथे!"

या पोरीला पाना धरायला मामांनीच शिकवलं होतं. एका दुपारी तिनं फोटो पाठवला. चकचकीत नळी, तिच्यावर एक नट. खाली लिहिलं होतं, 'मामा, ही माझी जोडणी. फक्त तुमच्यासाठी. कुणाला दाखवू नका हं.'

मामांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. नटावरून नळीवर उतरलेली एक तांबूस रेघ दिसली. बॉयलरच्या जोडाखाली अशी रेघ म्हणजे गळती, हे ते झोपेतही सांगू शकले असते. त्यांची छाती धडधडली, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत काळजी थोडी आणि आनंदच जास्त होता.

भाचीला फोन लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. मामांनी तिचा मजकूर वगळून नुसता फोटो ग्रुपवर टाकला. 'उड्डाण तीन आठवड्यांवर आणि हा ओघळ बघा. मी असा जोड पास केला नसता.'

संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे पोचला. 'काकांची नजर म्हणजे नजर!' लोक लिहीत होते. दोन दिवसांनी कंपनीनं जाहीर केलं की जादा तपासणीसाठी उड्डाण पुढे ढकललं आहे. मामा त्या सकाळी दाढी करताना गुणगुणत होते.

दुपारी बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीला घरी बसवलंय. आतला फोटो बाहेर गेला म्हणे. गुरुवारी चौकशी आहे, आणि ही तोंड उघडत नाही. तू येऊन बोल जरा."

मामा गेले. भाची कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तो ओघळ..." मामांनी सुरुवात केली.

"ओघळ नाही, मामा. ती रेघ आम्हीच रंगानं ओढतो. नट मापात आवळून झाला की त्याच्यावरून खाली नळीपर्यंत. पुढे नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते." तिनं एक बाही सरळ केली. "ती ओढायची परवानगी मला त्याच दिवशी मिळाली होती. म्हणून पाठवला."

"म्हणजे गळती नव्हतीच?"

"सगळे जोड पुन्हा तपासले. एकही खराब निघाला नाही."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"फोटो बाहेर कसा गेला माहीत नाही म्हणाले."

तिनं तो फक्त मामांनाच पाठवला होता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

इतक्यात बहीण चहा घेऊन आली. "दादा, तू एवढा जाणकार! तो मेला जुना बॉयलर कोण आहे ते शोधून काढ ना. समोर आला तर चपलेनं हाणीन."

भाची पटकन म्हणाली, "आई, जाऊ दे."

तिनं आपल्याला झाकलं, हे मामांना सहन होईना. त्यांनी पुढे आलेला कप बाजूला सारला.

"मीच तो," ते म्हणाले.

बहीण आधी हसली. मग तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी घडी मोडून पुन्हा घालत होती.

गुरुवारी मामा भाचीबरोबर कंपनीत गेले. ज्या फाटकाचे फोटो त्यांनी शंभरदा पाहिले होते, त्यातून ते मान खाली घालून आत शिरले. चौकशीला त्यांच्या मुलाच्या वयाची एक बाई होती. मामांनी सगळं लिहून दिलं, खाली सही केली. तिनं वाचलं आणि साधंच विचारलं, "काका, टाकण्याआधी भाचीला विचारलं का नाही?"

एकतीस वर्षं मामांनी लोकांना असेच प्रश्न विचारले होते आणि उत्तर येईपर्यंत पेन वाजवत बसले होते. बाई पेन वाजवत नव्हती. ती नुसती थांबली होती.

"मला... वाहवा हवी होती," मामा म्हणाले.

भाचीची नोकरी वाचली. पण आतला फोटो तिनं पाठवला होता हे खरंच होतं, त्यामुळे पहिल्या उड्डाणापुरतं तिला जोडणीतून काढून भांडारात बसवलं. पुन्हा रेघ ओढायला मिळेल ती दुसऱ्या रॉकेटावर.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना बोलायला काहीतरी हवं म्हणून मामा म्हणाले, "दुसऱ्याची तारीख ठरली का गं?"

भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. परक्या माणसाशी बोलावं तशा नीट आवाजात ती म्हणाली, "कंपनी जाहीर करेल, मामा. बातम्यांत येईलच."