कटऑफ लागेपर्यंत थांब

माझा भाऊ अर्गीरिस कुठल्याच गोष्टीचं आधी बोलत नाही. तीस वर्षं तो मिसोलोंगीच्या खाजणात बोय मासे धरतोय, त्यांची गाबोळी मिठात मुरवून, वाळवून, मेणात बुडवून विकतोय. पण जाळं वर आल्याशिवाय "आज मासा आहे" एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघायचं नाही. लोक त्याला घुमा म्हणतात. म्हणोत. तो तसा का झाला ते मला ठाऊक आहे, आणि त्या स्वभावाला मी किती खतपाणी घातलं तेही मलाच ठाऊक आहे.

अठरा वर्षांचा असताना त्याने जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या शाळेची परीक्षा दिली होती. निकालाच्या आधीच्या रविवारी आमच्या वडिलांनी अख्खं कोकरू निखाऱ्यांवर भाजलं आणि अर्धी गल्ली जेवायला बोलावली. टोपलीभर बटाटे मी सोलले. लोकांनी "कप्तान, कप्तान" करत पोराला खांद्यावर घेऊन नाचवलं. गुरुवारी निकाल लागला. तीन मार्कांनी गेला! मिठाच्या कोठारात तोंड लपवून रडत बसला होता, मीच त्याला हाताला धरून घरी आणलं. चौतीस वर्षं झाली, तरी कॉफीच्या दुकानात एखादा मेला अजून हाक मारतोच, "काय कप्तान, समुद्र कसा आहे आज?" अर्गीरिस हसून सोडून देतो. मला मात्र त्या मेल्याच्या डोक्यावर गरम कॉफी ओतावीशी वाटते.

त्याची एकुलती एक मुलगी एव्हान्थिया. माझी पेपर-सिगारेटची टपरी आहे चौकात. सहा वर्षांची असल्यापासून ती तिथे बसून सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांवर घरं काढायची. जिने, गच्च्या, खिडक्या, सगळं मापात. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, तेही पार समुद्रापलीकडे क्रीटमध्ये, हानियाला जाऊन. त्या शिक्षणाला साधा लॅपटॉप चालत नाही म्हणे, चांगला दणकट लागतो. माझी भावजय लेमोनिया मे महिन्यापासून मागे लागली होती, "आत्ताच घेऊ. उन्हाळाभर हात बसेल तिचा."

अर्गीरिस मला विचारायला आला. आई गेल्यापासून तो सगळं मलाच विचारतो.

"ताई, घेऊ का गं?"

"अजून परीक्षा व्हायचीय! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? थू थू थू!" दृष्ट लागू नये म्हणून मी तीनदा थुंकले आणि त्यालाही थुंकायला लावलं.

जूनअखेर मार्क आले. चांगले आले, अगदी चांगले. तो पुन्हा टपरीवर हजर.

"आता तरी?"

"मार्क म्हणजे ॲडमिशन नव्हे, बाबा. कटऑफ लागेपर्यंत थांब. का पुन्हा कोकरू भाजायचंय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कुठे मारलं की लागतं ते मला माहीत होतं, आणि मी नेमकं तिथेच मारलं. वर मनात म्हणाले, त्याच्याच भल्यासाठी बोलतेय.

लेमोनिया मात्र खमकी. जुलैमध्ये, कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरायच्या आठवड्यात, तिने बापलेकीला गाडीत घालून लॅपटॉप आणायला अग्रीनिओला पिटाळलं. दुपारी मला अर्गीरिसचा फोन आला.

"ताई, दुकानाच्या बाहेर येऊन बोलतोय. एव्हान्थियाने निवडला बघ! आत दुकानदार खोकं बांधतोय." त्याचा आवाज इतका खुललेला होता की मला क्षणभर ओळखू येईना.

आणि मी, मेलीने, काय म्हणावं? "उद्या कटऑफ वर गेला तर? घरातलं ते खोकं बघून पोरगी रोज रडेल. तू कसा रडला होतास ते विसरलास?"

तो म्हणाला, "बरं."

त्याने आत जाऊन दुकानदाराला सांगितलं, राहू दे, कटऑफ लागला की येतो. एव्हान्थियाचा हात तेव्हा खोक्यावर होता, तो तिने काढून घेतला. येताना वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. "रुसलीय, हातात पडला की खुलेल," असं तो मला संध्याकाळी सांगत होता. मीही मान डोलावली.

महिनाअखेरीस कटऑफ लागले. आम्ही सगळे त्यांच्या अंगणात बसलो होतो. आमच्याकडे मार्क वीस हजारांपैकी मोजतात; हानियाच्या कटऑफपेक्षा पोरीचे मार्क चांगले चारशेंनी जास्त! लेमोनिया ओरडलीच. अर्गीरिस उठला, गाडीची किल्ली शोधायला लागला. लगेच अग्रीनिओला निघायचं होतं त्याला.

"थांब बाबा," एव्हान्थिया म्हणाली आणि फोन पुढे केला. तिला मिळालं होतं आमच्याच गावातलं कॉलेज. शेतीमालाचा व्यापार शिकवतात तिथे.

"काहीतरी चुकलं असेल त्यांचं," मी म्हणाले.

"चुकलं नाही, आत्या. मी पहिलं नाव हेच टाकलं होतं."

आमच्याकडे पहिल्या पसंतीत बसलात की खालची नावं कुणी बघतही नाही. संपला विषय.

"अगं पण का, राणी?" लेमोनियाला रडू फुटलं.

एव्हान्थिया बापाकडे बघत होती. "बाबाने दुकानात लॅपटॉप परत ठेवला. बाबा उगाच काही करत नाही. मला वाटलं, माझं होणार नाही हे त्याला कळलंय. मग कशाला हानिया वर ठेवू? त्याच दिवशी घरी येऊन मी नावं उलटी केली."

अर्गीरिसने माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. म्हटलं, आता सांगतो हा. तो तिच्याकडे वळला.

"चुकलो मी, बाळा," एवढंच म्हणाला.

आणि दिवसभर टपरीवर चुरुचुरु चालणारी ही माझी जीभ टाळ्याला चिकटली. तिथेच, तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

लॅपटॉप त्याने दुसऱ्याच दिवशी आणला. त्यावर ती आता ऑलिव्हच्या बाजारभावाचे तक्ते करते. बापाशी बोलणं म्हणजे "हो", "नाही", "जेवले". कॉलेज सुटलं की थेट माझ्याकडे येते, स्टुलावर बसते, गिऱ्हाइकांची टिंगल करते. खरं सांगू? ती इथे आहे याचं मला बरं वाटतं. आणि बरं वाटतं याचीच लाज वाटते.

दोनदा मी अर्गीरिसला म्हणाले, "मी सांगते तिला. दुकानातून तू मला फोन केला होतास, आणि अडवलं मीच."

"नको, ताई," तो म्हणाला. "घरातल्या एका तरी माणसाशी मोकळं बोलते ती. ते तरी राहू दे."

गेल्या मंगळवारी ती च्युइंगगमची पाकिटं रचत होती. रचता रचता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, बाबाच्या जागी तू असतीस, तर त्या दिवशी घेऊन दिला असतास ना?"

"हो," मी म्हणाले.